क्लाराची सभा

प्रशियाच्या राज्यात १८५० च्या मार्च महिन्यात एक कायदा झाला. राजकीय विषयांवर चर्चा करणाऱ्या संघटनांनी तीन प्रकारच्या माणसांना सभासद करून घ्यायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं: स्त्रिया, विद्यार्थी आणि काम शिकणारी उमेदवार मुलं. या तिघांनी अशा संघटनांच्या बैठकींनाही हजर राहायचं नाही. सभेत पोलीस अधिकारी बसलेला असे. श्रोत्यांत एखादी बाई दिसली, की सभा बरखास्त झाल्याचं जाहीर करायचा अधिकार त्याला होता. विद्यार्थी पुढे शिकून बाहेर पडे, उमेदवार मुलगा कारागीर होई, आणि दोघांचीही या कलमातून सुटका होई. बाईची सुटका कधीच होत नसे. हा कायदा १९०८ पर्यंत टिकला.

क्लारा झेटकिनचं आयुष्य समजून घ्यायचं, तर या कायद्यापासून सुरुवात करावी लागते. जगाला तिची ओळख ८ मार्चमुळे आहे. जागतिक महिला दिनाची जननी, एवढं एक वाक्य शाळेच्या फळ्यावर लिहिलं जातं आणि तिथेच ती संपते. पण तो दिवस म्हणजे तिच्या पन्नास वर्षांच्या कामातला एक ठराव होता. तिचं खरं काम होतं सभा भरवण्याचं: जिला सभेत बसायची परवानगी नाही, त्या बाईला सभेत आणण्याचं, तिला बोलतं करण्याचं आणि त्यासाठी आधी वाचतं करण्याचं. हे काम तिने ज्या चिकाटीने केलं, ती चिकाटी आज विसरली गेली आहे, आणि ते विसरणं आपल्याला परवडणारं नाही.

क्लाराचा जन्म ५ जुलै १८५७ चा, सॅक्सनीतल्या वीडेराऊ या गावातला. माहेरचं आडनाव आइसनर. वडील गॉटफ्रीड गावच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. आई योझेफीन शिकलेल्या घरातली. स्त्रियांच्या शिक्षणासाठी चाललेल्या चळवळीची तिला ओढ होती. वीडेराऊच्या आसपास घरोघरी माग चालत. पाठ वाकेपर्यंत विणूनही पोट न भरणारी माणसं क्लाराने लहानपणीच पाहिली. १८७२ मध्ये हे कुटुंब लाइपझिगला आलं. तिथे आउगुस्टे श्मिट नावाची एक कर्तबगार शिक्षिका मुलींसाठी अध्यापनाची शाळा चालवत होती. जर्मन स्त्रियांच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेच्या संस्थापकांपैकी ती एक. तिच्या हाताखाली शिकून १८७८ मध्ये क्लारा शिक्षिकेची परीक्षा उत्तीर्ण झाली.

मुलीने आता एखाद्या खानदानी घरात मुलांना शिकवावं आणि चार पैसे मिळवावेत, ही साधी अपेक्षा होती. पण लाइपझिगमध्ये तिची गाठ ओसिप झेटकिनशी पडली. तो ओडेसाचा, रशियातून निघून आलेला क्रांतिकारक. सुतारकाम करून पोट भरायचा आणि संध्याकाळी कामगारांच्या बैठकींना जायचा. त्याच वर्षी, १८७८ मध्ये, बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्धचा कायदा आणला होता. समाजवादी पक्षाची वृत्तपत्रं बंद, सभा बंद, संघटना बंद. क्लारा या पक्षाकडे ओढली गेली ती त्याच्या सर्वांत वाईट दिवसांत. आई आणि आउगुस्टे श्मिट या दोघींशीही त्यामुळे तिचा दुरावा झाला. १८८० मध्ये ओसिपला लाइपझिगमधून हद्दपार केलं गेलं. क्लारा शिकवणीच्या नोकरीसाठी ऑस्ट्रियात गेली, तिथून झुरिकला आणि १८८२ च्या अखेरीस पॅरिसला, ओसिपकडे.

पॅरिसमधली ती वर्षं गरिबीची होती. त्यांनी लग्न केलं नाही. परदेशी माणसाशी लग्न केलं की जर्मन बाईचं नागरिकत्व जात असे, आणि क्लाराला परत जायचं होतं. तिने आडनाव मात्र ओसिपचं लावलं. माक्सिम आणि कोस्त्या ही दोन मुलं झाली. शिकवण्या, भाषांतरं, लोकांचे कपडे धुणं, मिळेल ते काम ती करत होती. भाडं थकलं म्हणून घराबाहेर काढलं जाणंही नशिबी आलं. मग ओसिपला मणक्याचा क्षय झाला. शेवटचे महिने तो अंथरुणालाच खिळलेला होता. ओसिपची शुश्रूषा, दोन लहान मुलं, आणि रात्री दिव्याजवळ बसून वृत्तपत्रांसाठी लेखन. १८८९ च्या जानेवारीत ओसिप गेला. क्लारा तेव्हा एकतीस वर्षांची होती.

त्यानंतर सहा महिन्यांनी, जुलै १८८९ मध्ये, पॅरिसमध्ये समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. फ्रेंच राज्यक्रांतीला शंभर वर्षं झाली होती, आयफेल टॉवर नुकताच उभा राहिला होता, आणि जगभरचे कामगार पुढारी शहरात जमले होते. १ मे हा कामगारांचा दिवस पाळण्याचा ठराव याच परिषदेतला. १९ जुलैला क्लारा व्यासपीठावर आली.

ती काय बोलली, हे नीट पाहायला हवं. कारखान्यात बाई आली की मजुरी घसरते, म्हणून बायकांच्या कामावर बंदी घाला, अशी मागणी तेव्हा समाजवाद्यांमध्येही होत होती. क्लाराने ती मागणी उघडपणे मोडीत काढली. कामगार जसा भांडवलदाराच्या मुठीत असतो तशी बाई पुरुषाच्या मुठीत असते, आणि स्वतःची कमाई नसेल तोवर ती तशीच राहील, असं तिने मांडलं. मजुरी घसरते ती बाई काम करते म्हणून नव्हे, तिच्या कामाचा मालक गैरफायदा घेतो म्हणून. तेव्हा लढा मालकाशी हवा, बाईशी नको. बाईला वेगळं संरक्षण देणारे कायदेही तिला त्या वेळी नको होते. पुढे काही वर्षांनी तिने हे मत बदललं आणि गरोदर व बाळंतीण कामगार स्त्रियांसाठी खास कायद्यांची मागणी केली. पण मूळ मुद्दा तिने कधीच सोडला नाही. सभागृहात बहुतेक पुरुष होते. त्यांच्यासमोर हे बोलायला धैर्य लागलं असणार.

१८९० मध्ये बिस्मार्कचा कायदा संपला. क्लारा मुलांना घेऊन जर्मनीत परतली आणि स्टुटगार्टला राहू लागली. तिथे डीट्झ या प्रकाशकाने तिच्यावर एक काम सोपवलं. एम्मा ईहरर या कार्यकर्तीने कामगार स्त्रियांसाठी सुरू केलेलं एक पत्र बंद पडायला आलं होतं. १८९२ च्या सुरुवातीला ते नव्या नावाने निघालं: ‘डी ग्लाइखहाइट’, म्हणजे ‘समता’. संपादक क्लारा झेटकिन. पंधरा दिवसांनी एक अंक, किंमत १० फेनिग. पुढची पंचवीस वर्षं ती या पाक्षिकाची संपादक होती. तिच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा काळ, आणि सर्वांत कमी बोलला जाणारा.

पंचवीस वर्षं पाक्षिक चालवणं म्हणजे काय, हे ज्यांनी कधी एखादं छोटं नियतकालिक चालवलं असेल त्यांना सांगावं लागणार नाही. मजकूर गोळा करायचा, तो तपासायचा, मुद्रितं वाचायची, वर्गण्यांचा पाठपुरावा करायचा, आणि एक अंक छापून होतो न होतो तोच पुढच्याला हात घालायचा. क्लारा यातलं बरंचसं एकटीने करत असे. अंकात कापडगिरण्यांतल्या, तंबाखूच्या कारखान्यांतल्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या मजुरीचे आणि कामाच्या तासांचे तपशील असत. कारखाना निरीक्षकांच्या अहवालांतले आकडे असत. कुठे संप झाला, कुठे सभा झाली, कुणाला दंड झाला, याची वृत्तं असत. कथा, कविता, थोर स्त्रियांची चरित्रं असत. १९०५ पासून गृहिणींसाठी आणि मुलांसाठी पुरवण्या निघू लागल्या.

पक्षातले पुरुष तक्रार करत की भाषा जड आहे, लेख लांब आहेत, दहा-बारा तास यंत्रावर राबलेल्या बाईला हे कसं झेपणार? सोपं लिहा, गोड लिहा. ही तक्रार पक्षाच्या अधिवेशनांतही झाली. क्लारा बधली नाही. तिच्या डोळ्यांसमोरची वाचक वेगळी होती. वस्तीतल्या दहा जणींमध्ये जी पुढे होऊन बोलते, जिला बाकीच्या विचारतात, त्या बाईसाठी हे पत्र आहे, असं तिचं म्हणणं होतं. ती एक तयार झाली की ती दहा जणींना समजावून सांगेल. कामगार बाईला अवघड विचार पेलतो, ही त्या हट्टामागची श्रद्धा होती. तिला हलकंफुलकं वाचायला देण्यातला अपमान क्लाराला समजत होता. १९०३ च्या सुमाराला या पत्राचे अकरा हजार वर्गणीदार होते. १९१४ मध्ये ते सव्वा लाखाच्या घरात गेले.

आणि सभांचं काय? स्टुटगार्ट ज्या व्युर्टेम्बर्गमध्ये होतं तिथे कायदा सैल होता, पण प्रशियात तो पक्का होता आणि जर्मनीचा मोठा भाग प्रशियात मोडत होता. बायकांनी मंडळ काढलं की पोलीस ते राजकीय ठरवून बंद करत. बर्लिनच्या कार्यकर्त्यांवर १८९५ मध्ये खटले झाले, त्यांच्या प्रचार समित्या मोडल्या गेल्या. मग त्यांनी एक युक्ती काढली. कायद्यात संघटना बसते, एकटी बाई बसत नाही. तेव्हा संघटनाच नको. प्रत्येक गावात सभेतून एक विश्वासू बाई निवडायची आणि तिने एकटीने सगळं काम पाहायचं. १९०० मध्ये अशा सगळ्या प्रतिनिधींची मिळून एक मध्यवर्ती प्रतिनिधी नेमली गेली. तिचं नाव ओटिली बाडर. बर्लिनमध्ये शिवणयंत्रावर काम करून तिने म्हाताऱ्या वडिलांना सांभाळलं होतं.

१९०२ मध्ये प्रशियाच्या गृहमंत्र्याने थोडी सवलत दिली. बायकांनी राजकीय सभेत यायला हरकत नाही, पण सभागृहाच्या एका वेगळ्या भागात बसायचं, नुसतं ऐकायचं, चर्चेत भाग घ्यायचा नाही. एकाच चाळीत राहणारे आणि एकाच गिरणीत राबणारे नवरा-बायको सभेला निघाले, तर दारातून आत गेल्यावर त्यांनी दोन बाजूंना जायचं. हे सगळं सोसून या बायका सभांना जात राहिल्या. १९०८ मध्ये कायदा बदलला तेव्हा क्लाराच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षात सुमारे एकोणतीस हजार स्त्रिया सभासद होत्या. १९१४ पर्यंत त्या पावणेदोन लाखांच्या जवळ पोचल्या. या वाढीमागे ओटिली बाडर होती, लुईझे झीट्झसारखी कार्यकर्ती होती, आणि गावोगावी जाणारं ते पाक्षिक होतं.

ऑगस्ट १९०७ मध्ये स्टुटगार्टला समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मराठी वाचकाला ती वेगळ्या कारणाने ठाऊक असते. याच परिषदेत २२ ऑगस्टला मादाम भिकाजी कामा यांनी हिंदुस्थानचा तिरंगी ध्वज फडकवला. त्या ध्वजाशी निगडित वारसा पुण्याच्या केसरीवाड्यात आजही जपलेला आहे. पण परिषद सुरू होण्याच्या एक दिवस आधी त्याच शहरात आणखी एक बैठक झाली होती. जगातल्या समाजवादी स्त्रियांची ती पहिली परिषद. पंधरा देशांतून साठेक जणी आल्या होत्या. क्लारा या नव्या आंतरराष्ट्रीय संघटनेची चिटणीस झाली आणि ‘ग्लाइखहाइट’ तिचं मुखपत्र.

तिथे मताधिकारावर खडाजंगी झाली. ऑस्ट्रियातल्या समाजवाद्यांनी आधी पुरुषांचा मताधिकार पदरात पाडून घ्यायचं ठरवलं होतं. तिथल्या स्त्रियांना आपली मागणी मागे ठेवायला सांगितलं गेलं आणि त्यांनी ती ठेवली होती. इंग्लंडमधल्या काही जणी मालमत्ता असलेल्या स्त्रियांना आधी मत मिळालं तरी चालेल, असं म्हणत होत्या. क्लाराने दोन्ही बाजूंना विरोध केला. पुरुषांचं झालं की मग तुमचं, हे तिला मान्य नव्हतं. श्रीमंत बाईचं झालं की मग गरीब बाईचं, हेही नव्हतं. सर्व प्रौढ स्त्रियांना मत मिळावं म्हणून सर्व समाजवादी पक्षांनी लढलं पाहिजे, असा ठराव झाला. मध्यमवर्गीय स्त्रीवादी चळवळीशी मात्र तिने अंतर ठेवलं, आणि हे अंतर काही वेळा गरजेपेक्षा जास्त होतं. जिच्या शाळेत ती घडली, त्या आउगुस्टे श्मिटच्या परंपरेतल्या बायकांशी हातमिळवणी करायची तिची कधीच तयारी नव्हती. मालकिणीचा आणि मोलकरणीचा लढा एक असू शकत नाही, हे तिचं मत पक्कं होतं.

तीन वर्षांनी, ऑगस्ट १९१० मध्ये, कोपनहेगनला दुसरी परिषद झाली. सतरा देशांतल्या शंभराहून अधिक स्त्रिया जमल्या. क्लारा, केटे डुंकर आणि सहकाऱ्यांनी मांडलेला एक ठराव तिथे मंजूर झाला: दर वर्षी सर्व देशांतल्या समाजवादी स्त्रियांनी एक महिला दिन पाळावा आणि तो मुख्यतः मताधिकाराच्या प्रचारासाठी असावा. तारीख ठरवली नव्हती. अमेरिकेतल्या समाजवादी स्त्रियांनी असा दिवस आधीच पाळला होता, त्यावरून ही कल्पना सुचली होती.

पहिला आंतरराष्ट्रीय महिला दिन झाला १९ मार्च १९११ ला. वार रविवार. जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड या देशांत मिळून दहा लाखांहून जास्त माणसं रस्त्यावर आणि सभागृहांत जमली. मताचा हक्क हवा, कामाच्या ठिकाणी भेदभाव नको, बाळंतपणात संरक्षण हवं, अशा मागण्या होत्या. ज्या प्रशियात तीन वर्षांपूर्वीपर्यंत राजकीय सभेत बाईला फक्त वेगळं बसून ऐकायची मुभा होती, तिथे बायकांनी स्वतः भरवलेल्या सभा ओसंडून वाहत होत्या. जेमतेम आठवड्याने, २५ मार्चला, न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. दारं बंद होती. १४६ कामगार मेले; त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या, ज्यू आणि इटालियन घरांतून आलेल्या. कामाच्या ठिकाणच्या मागण्या कशासाठी होत्या, हे त्या आगीने सांगितलं.

मग महायुद्ध आलं. ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मन संसदेत सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने युद्धखर्चाच्या बाजूने मत दिलं. ज्या पक्षासाठी क्लाराने तारुण्य वेचलं होतं, त्यानेच सरकारच्या तोफांना पैसे मंजूर केले. रोझा लुक्सेम्बुर्ग ही तिची जिवलग मैत्रीण; दोघींनी आणि मोजक्या सहकाऱ्यांनी विरोधाचा आवाज उठवला. ‘ग्लाइखहाइट’वर सेन्सॉर बसला. छापलेल्या पानांत मोकळ्या चौकटी दिसू लागल्या; मजकूर काढला गेला होता हे वाचकांना कळावं, म्हणून त्या जागा तशाच राहू दिलेल्या होत्या. क्लाराची दोन्ही मुलं सैन्यात होती.

मार्च १९१५ मध्ये तिने स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात स्त्रियांची युद्धविरोधी परिषद बोलावली. युद्ध सुरू झाल्यावर, एकमेकांशी लढणाऱ्या देशांतल्या समाजवाद्यांची झालेली ती पहिलीच आंतरराष्ट्रीय परिषद म्हटली जाते. पक्षनेतृत्वाचा विरोध होता, सरहद्दींवर पहारे होते, तरी जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, रशिया, पोलंड, इटली, हॉलंड आणि स्वित्झर्लंड इथल्या पंचवीस-तीस जणी जमल्या. ज्यांचे मुलगे आणि नवरे खंदकांत समोरासमोर होते, त्या बायका एका खोलीत बसल्या होत्या. फ्रान्सहून लुईझ सोमोनो आली होती. रशियनांमध्ये नादेझ्दा क्रुप्स्काया आणि इनेसा आर्मां होत्या. बोल्शेविक स्त्रियांना जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी संबंध तोडायचा ठराव हवा होता. क्लाराला सगळ्यांनी एका सुरात शांतता मागायला हवी होती, आणि तिचंच मत टिकलं. परिषदेच्या जाहीरनाम्यात कामकरी स्त्रियांना विचारलं होतं, की या युद्धातून फायदा कुणाला होतो आणि तुमची माणसं कुणासाठी मरतात. हा जाहीरनामा जर्मनीत चोरून वाटला गेला. त्या उन्हाळ्यात क्लाराला अटक झाली. तब्येत ढासळली म्हणून काही महिन्यांनी सोडण्यात आलं.

१९१७ च्या मे महिन्यात पक्षाने ‘ग्लाइखहाइट’ तिच्या हातून काढून घेतलं. युद्धविरोधी गटात ती गेली होती, हे कारण. तिच्या खुर्चीवर मारी युखाच आली. याच मारी युखाचने फेब्रुवारी १९१९ मध्ये वाइमारच्या राष्ट्रीय सभेत भाषण केलं. जर्मन राष्ट्रीय संसदेत बोलणारी ती पहिली स्त्री. नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीने स्त्रियांना मताधिकार दिला होता. क्लाराही व्युर्टेम्बर्गच्या घटना समितीत निवडून आली. ज्या हक्कासाठी तिने तीस वर्षं सभा घेतल्या तो मिळाला, आणि त्याच दिवसांत, १५ जानेवारी १९१९ ला, रोझाला आणि तिचा सहकारी कार्ल लीब्क्नेख्ट याला बर्लिनमध्ये मारून टाकलं गेलं. मत हातात आलं तेव्हा मैत्रीण नव्हती.

यानंतरची क्लारा कम्युनिस्ट आहे. १९२० पासून ती राइखस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची सभासद, आणि वर्षाचा बराच काळ मॉस्कोत. तिथला एक संवाद तिने पुढे लिहून ठेवला. लेनिनने तक्रार केली, की जर्मन कामगार स्त्रियांच्या वाचनवर्गांत लग्न आणि स्त्री-पुरुष संबंध यांवरच चर्चा होतात. क्लाराने त्याला उत्तर दिलं, की हे प्रश्न या बायकांना रोज जाळतात, युद्धाने त्यांची घरं विस्कटली आहेत, ते टाळून त्यांच्याशी बोलता येणार नाही. पंचवीस वर्षं कामगार बायकांसाठी संपादन केलेली बाई तिथे बोलत होती.

पण याच काळातलं एक पान काळं आहे आणि ते वगळून तिची गोष्ट सांगणं खोटेपणाचं होईल. १९२२ मध्ये मॉस्कोत सोशलिस्ट रिव्होल्युशनरी पक्षाच्या नेत्यांवर राजकीय खटला चालला. क्लारा तिथे फिर्यादी पक्षाच्या बाजूने उभी राहिली. बारा जणांना मृत्युदंड सुनावला गेला; अंमलबजावणी लांबणीवर टाकली गेली, एवढंच. सभा बरखास्त करणाऱ्या पोलिसाशी आयुष्यभर भांडलेली बाई विरोधकांची तोंडं बंद करणाऱ्या सत्तेच्या बाजूला बसली. क्रांती वाचवायची आहे, या एका विचाराने तिने आपली नजर तिकडून वळवली असावी. त्याने त्या कृत्याचं ओझं कमी होत नाही.

त्यानंतरच्याच वर्षी मात्र तिची नजर लख्ख होती. जून १९२३ मध्ये कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या बैठकीत तिने फॅसिझमवर भाषण केलं. मुसोलिनीला सत्तेवर येऊन वर्षही झालं नव्हतं. अनेक जण त्याला प्रतिगामी दडपशाहीचा एक नवा प्रकार समजत होते. क्लाराने सांगितलं, की याच्यामागे फक्त धनिक नाहीत. युद्धाने उद्ध्वस्त झालेले, फसवले गेलेले, कामगारांच्या पक्षांनी निराश केलेले असंख्य लोक यात सामील आहेत. तेव्हा केवळ बळाने याला हरवता येणार नाही, या लोकांच्या मनापर्यंत पोचावं लागेल. तिच्या पक्षाने हा इशारा ऐकला नाही. पुढच्या काही वर्षांत कम्युनिस्टांनी सोशल डेमोक्रॅट मंडळींनाच फॅसिस्टांचे जुळे भाऊ ठरवलं. क्लाराला हे धोरण पटत नव्हतं. १९२८ मध्ये तिने पक्षातल्या हकालपट्ट्यांना विरोधही केला. पण ती पक्षातच राहिली आणि बाहेर फारसं बोलली नाही.

१९३२ च्या जुलैमध्ये जर्मनीत निवडणूक झाली. ६०८ पैकी २३० जागा हिटलरच्या पक्षाला. नव्या राइखस्टागची पहिली बैठक सर्वांत वयस्क सभासदाच्या अध्यक्षतेखाली भरायची, असा प्रघात होता. क्लारा पंचाहत्तर वर्षांची होती, जवळजवळ आंधळी, खूप आजारी, मॉस्कोत. नाझी तिला मारायच्या धमक्या देत होते. ती आली. ३० ऑगस्टला दोन बायकांचा आधार घेत ती अध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत गेली. समोर गणवेशातले नाझी सभासद होते. तिने पाऊण तासाच्या आसपास भाषण केलं. आवाज आधी क्षीण, मग चढत गेलेला. मतभेद बाजूला ठेवून सगळ्या कष्टकऱ्यांनी फॅसिझमविरुद्ध एक व्हावं, कामगार स्त्रियांनी त्यात मागे राहू नये, असं तिने सांगितलं. आपल्या पक्षाचं स्वप्नही तिने लपवलं नाही. सोव्हिएत जर्मनीच्या पहिल्या परिषदेचंही अध्यक्षपद भूषवायची आशा तिने बोलून दाखवली. मग नियमाप्रमाणे अध्यक्षपदाची निवडणूक घेतली. निवडून आला हेर्मान गोरिंग. पाच महिन्यांनी हिटलर चान्सलर झाला. २० जून १९३३ ला क्लारा मॉस्कोजवळ वारली. तिच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या गेल्या.

मरणानंतर तिचं नाव अनेकांनी वापरलं. पूर्व जर्मनीने दहा मार्कांच्या नोटेवर तिचं चित्र छापलं, रस्त्यांना तिचं नाव दिलं. तिच्या हट्टातला जो भाग सरकारांना गैरसोयीचा, तो या चित्रांत आला नाही. जर्मनीच्या एकीकरणानंतर बर्लिनमध्ये राइखस्टागच्या जवळून जाणारा क्लारा झेटकिन रस्ता १९९५ मध्ये पुन्हा जुन्या राजघराण्यातल्या एका स्त्रीच्या नावाचा झाला.

दिवस मात्र पुढे गेला. १९१७ च्या ८ मार्चला पेत्रोग्राडच्या कापडगिरण्यांतल्या बायका भाकरीसाठी संपावर गेल्या आणि झारशाही कोसळायला सुरुवात झाली. १९२१ मध्ये मॉस्कोतल्या कम्युनिस्ट स्त्रियांच्या परिषदेने त्यावरून तारीख कायम केली. १९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष ठरवलं. त्या वर्षी महाराष्ट्रातही ८ मार्च पाळला गेला, आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. त्या परिषदेत कामकरी, शेतमजूर आणि दलित स्त्रियांचे प्रश्न आले, हे क्लाराला आवडलं असतं. आता दर वर्षी त्या दिवशी दागिन्यांवर आणि साड्यांवर सवलती जाहीर होतात, कचेरीत गुलाबाचं फूल मिळतं. मूळ ठरावात सभा होती, मागणी होती, आणि ती मागणी कोणत्या सरकारकडे करायची हेही स्पष्ट होतं.

२०१९ मध्ये बर्लिन राज्याने ८ मार्चला सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. त्या वर्षी तो शुक्रवार होता. १९११ च्या बायका रविवारी जमल्या होत्या, कारण गिरणीतून मोकळा मिळणारा दिवस तोच होता. १८८९ मध्ये पॅरिसच्या व्यासपीठावरून क्लाराने विचारलेला प्रश्न, की स्वतःच्या हातात कमाई नसलेली बाई स्वतंत्र कशी होणार, तो ऊसतोडीच्या फडात ‘कोयता’ म्हणून नवऱ्याबरोबर जोडीने उचल घेतलेल्या बाईला आजही विचारता येतो. तिथे मजुरी जोडीची असते आणि हिशेब बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर मांडला जातो. या बायकांची सभा कोण भरवतं, तिथे कोण बोलतं, आणि त्यांच्यासाठी दर पंधरा दिवसांनी कोण काय छापतं, हे ८ मार्चला विचारण्यासारखे प्रश्न आहेत.